चामड्याच्या बुटांना कोणती स्की?

ट्रोंडहाइम, १४ जानेवारी १९९६

ती. गुनहिल्डआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पार्सल शुक्रवारी मिळालं. बूट कोरडे आणि शाबूत आहेत. लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड घातले की माझ्या पायात नीट बसतात. हे बूट तू जिवंतपणी कुणाला देशील असं वाटलं नव्हतं, त्यामुळे आनंदाच्या आधी आश्चर्य वाटलं. तू नवे घेतलेस का?

पाहणीत आढळलं ते असं. तळ पुढे चोचीसारखा निघालेला आहे आणि वापराने ती चोच वर वळली आहे. चोचीखालची तीन भोकं डाव्या बुटात घट्ट आहेत, उजव्यात सैल झाली आहेत. चामडं घोट्यापाशी फार मऊ आहे. प्रयोगशाळेत मी दिवसभर पोलादी दोर तुटेपर्यंत ताणते, त्यामुळे झीज मला दिसते. काळजी करण्यासारखं काही नाही.

ईस्टरला तुझ्याबरोबर वर डोंगरात आपल्या स्कार्वेबूच्या घरी यायचं, तर या बुटांना कोणती स्की आणि बूट तिला अडकवायला कोणतं बाइंडिंग घेऊ? बूट घेऊन इथल्या दुकानात गेले होते. दुकानातली बाई हसली आणि आत नवऱ्याला हाक मारून म्हणाली, की अहो बाहेर या, हिच्या आजोबांचे पाय आलेत. दोघांचं एकमत झालं, की प्लास्टिकचे बूट घे. बूट बदलायचे नाहीत, स्की सांगा, असं मी म्हटल्यावर नवरा म्हणाला लांब, बायको म्हणाली आखूड, आणि त्यांचं तिथेच जुंपलं. मी बूट उचलून बाहेर पडले.

लांबी, रुंदी आणि बाइंडिंग एवढं कळव. बाबांचा स्पेनहून फोन होता. या ईस्टरला तू वर गेली नाहीस तर घर विकायचं असं तुम्हा भावंडांचं ठरलंय म्हणाले. हे खरं आहे का?

थंडीत आठवण गोठू देऊ नये, ही विनंती.
तुझी,
ओस्ने

*

राउलांड, २२ जानेवारी

चि. ओस्नेस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

त्या दुकानदारणीला सांग, बूट आजोबांचे नाहीत, आत्याचे आहेत, आणि आत्या अजून जेवतेखाते. नवे नाही घेतले गं. संध्याकाळी पाय सुजतात, बूट चावायला लागले, एवढंच.

स्कीचं काय एवढं! सरळ उभी राहा, हात वर कर, मनगटापर्यंत येईल ती तुझी. तुझ्या उंचीला दोनशे दहा. अरुंद घे, हलकी घे. रुंद स्कीला वळवायला पायात प्लास्टिकचं डबडं लागतं. आपलं चामडं तिच्यापुढे हात टेकतं. कडेला पोलादी पट्टी नको, उगाच वजन. बाइंडिंग तीन खिळ्यांचं साधं. चोच ठेवायची, वरची पट्टी दाबायची, खिळे भोकांत शिरतात. टाच मोकळी, माणूस मोकळा. तुला तर काहीच कष्ट नाहीत, माझ्या मागून माझ्याच चाकोरीत यायचं. किल्ली ज्याच्या गळ्यात तो पुढे, ही आपल्या घरची रीत. तुझा बाप जन्मभर माझ्या मागून आला आणि जन्मभर कुरकुरला. आता वाळूत बसून पत्ते कुटतो.

विकायचं म्हणतोय ते खरं. ज्या ईस्टरला गुनहिल्डच्या हातून दार उघडणार नाही त्या वर्षी विकू, असं म्हणाला. मला हसू आलं, हसता हसता हो म्हणून बसले.

तारयेई इथेच कॉफी पीत बसलाय. शेजारी मिळावा तर असा, स्वतःच्या घरी फक्त झोपायला जातो. तो विचारतो, की शहरातल्या पोरीला स्कीखाली मेण लावता येतं का, की तेही दुकानातून लावून आणणार?

फोन करू नकोस. तुझ्या आवाजावरून मला कधी काही कळलेलं नाही, पत्रावरून कळतं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आत्या,
गुनहिल्ड

*

ट्रोंडहाइम, ३१ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उत्तर स्पष्ट होतं, बरं वाटलं. दोनशे दहाची एक जोडी पसंत केली आहे. दुकानाच्या फरशीवर कागद घालून तिची मधली उचललेली कमान तपासली. दोन्ही स्कींवर सारखी उभी राहिले की कमानीखालून कागद सरकतो, एकीवर सगळा भार दिला की अडकतो. माझं वजन एकसष्ट किलो आणि पाठपिशवी बारा, असं धरलं आहे. शनिवारी घेते.

तारयेईला सांग, मेण मी स्वतः लावते. मागच्या वेळी त्याच्या स्कीलाही मीच लावलं होतं.

तुझ्या पायांची सूज दोन्ही पायांना आहे की एकाच?

लोभ आहे तसाच राहावा.
ओस्ने

*

राउलांड, ९ फेब्रुवारी

चि. ओस्नेस,
आशीर्वाद.

घेतलीस का? नसशील घेतली तर घेऊ नकोस!

मी नीट विचार केला. आखूड घे, एकशे पंचाण्णव ते दोनशे. थोडी रुंद चालेल. कडेला पोलादी पट्टी हवीच, टोकापासून टोकापर्यंत. यंदा बर्फ खोल आहे आणि वर वाऱ्याने टणक कवच धरलंय. तू पुढे चाल म्हणते मी. तरुण माणसाने कधीतरी चाकोरी पाडायला शिकावं. आणि पाठपिशवी बारा नको धरूस, पंचवीस धर. संत्री आहेत, तपकिरी चीज आहे, कॉफी आहे. उपाशी का राहायचं?

इकडे सगळं छान. वरची खोली फार गार पडते म्हणून पलंग खाली स्वयंपाकघराशेजारी आणवला. तारयेई लाकडं आत आणून टाकतो. म्हणतो, की तुझ्या कॉफीचं भाडं फेडतोय. मी म्हटलं, अशाने तुला दोन हिवाळे फेडावं लागेल.

सुजेचं काही नाही. दोन्ही पाय माझेच आहेत.

पत्राला उशीर लावू नकोस, वाट बघते.
आत्या

*

ट्रोंडहाइम, १८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

स्की घेतली नव्हती. आता कोणती घ्यायची ते मला कळत नाही.

जानेवारीत अरुंद, लांब आणि पट्टीशिवाय होती. फेब्रुवारीत रुंद, आखूड आणि पट्टीसकट. ओझं दुपटीहून वाढलं, म्हणजे कमान कडक हवी. पण आखूड स्कीला तेवढं ओझं दिलं तर खोल बर्फात ती बुडते. चामडी बुटांना रुंद स्की वळत नाही असं तूच लिहिलं होतंस. तेही खरं आणि हेही खरं असेल, तर माझ्या हिशेबात काहीतरी धरायचं राहिलं आहे.

आणखी एक. तू पुढे चाल म्हणतेस. किल्ली तुझ्या गळ्यात असेल तर मी पुढे कशी? तू हे सहज लिहिलंस, पण मी ते वाक्य तीनदा वाचलं.

दुकानदारीणबाई मला आता नावाने ओळखतात. परवा म्हणाल्या, की तुझी आत्या भेटली तर तिला दुकानात नोकरी देऊ, गिऱ्हाइकाला इतका काळ कुणी घोळवत ठेवलं नव्हतं.

एकदाच आणि पूर्ण सांग. राग नाही, गोंधळ आहे.

ओस्नेचा नमस्कार.

*

राउलांड, २७ फेब्रुवारी

चि. ओस्नेस,
आशीर्वाद.

तुम्हा शिकलेल्यांना सगळं जुळलेलंच लागतं. बरं, पूर्ण सांगते.

दोनशे घे. पोलादी पट्टी हवी. साधे तीन खिळे पुरणार नाहीत, टाचेमागून वळून येणारी तार असलेलं बाइंडिंग घे, म्हणजे उतारावर बूट स्कीला धरून राहील. उजव्या बुटाची भोकं सैल आहेत ना, तिथे पितळेची पट्टी ठोकून घे. आणि स्कीच्या तळाला चिकटवायच्या केसाळ पट्ट्या घे, चढावर मागे घसरू नये म्हणून. तळ्यापर्यंत सपाट आहे, पण नंतरचा चढ तुला ठाऊक आहे. परत येताना तोच उतार, आणि मागून वजन ढकलत असलं की भल्याभल्यांची त्रेधा उडते.

तारयेईने तुझी जुनी घसरगाडी माळ्यावरून काढलीय. तीच, जिच्यात बसवून मी तुला वर न्यायची आणि तू संत्र्याची सालं वाटेवर टाकत यायचीस. त्याने तिला नवे दांडे लावले, लांबही केली. मी विचारलं एवढी लांब कशाला? म्हणतो, लाकडं न्यायला. बर्फावरची स्कूटर त्या बाजूला नेता येत नाही, रानातले रेनडिअर विणीला निघालेले असतात. आणि नेता आली असती तरी मी काही पोत्यासारखी तिच्यावर बसून गेले नसते.

तुझ्या बापाचा फोन आला तर सांग, आत्या ठणठणीत आहे. त्याने खुब्याबद्दल विचारलं तर म्हण, कुणाचा खुबा?

जप.
आत्या

*

ट्रोंडहाइम, ६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

स्की घेतली. दोनशे सेंटिमीटर, मधल्या भागात अरुंद, पूर्ण पोलादी पट्टी, कडक कमान. बाइंडिंग तीन खिळ्यांचं, पण त्याला काढता-घालता येणारी तार आहे. सपाटीवर तार काढून ठेवीन, उतारावर लावीन. पितळेची पट्टी मी स्वतः बसवली. बूट आता हलत नाही.

तुझी एकेक मागणी वेगळी घेतली की विसंगत दिसत होती. म्हणून मी उलट बाजूने विचार केला. या सगळ्या मागण्या एकाच वेळी ज्याच्या बाबतीत खऱ्या ठरतील असा चालणारा कोण? तो पुढे असतो, चढावर मागे ओढला जातो आणि उतारावर मागून ढकलला जातो. म्हणजे तो घसरगाडी ओढतो. लाकडं वर भिंतीशी रचलेली आहेत, शरदात मीच रचली. खाणं माझ्या पाठीवर आहे. मग गाडीत न्यायला एकच ओझं उरतं. ते तू आहेस.

यावर मी काही विचारत नाही. डॉक्टर काय म्हणाले ते तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. बाबांची अट मी पुन्हा पाहिली. दार तुझ्या हातून उघडलं पाहिजे, एवढंच त्यात आहे. दारापर्यंत कसं पोचायचं याबद्दल त्यात काही नाही. माझ्याकडून त्यांना फक्त बुटांचं माप कळेल.

मात्र एक आकडा लागेल. स्कीखालच्या केसाळ पट्ट्या अर्ध्या रुंदीच्या घ्यायच्या की पूर्ण, आणि उतारावर तारयेईने मागून दोर धरायचा की मी एकटी पुरेशी आहे, हे ओझ्याच्या वजनावर ठरतं. दोर प्रयोगशाळेतून आणते, तो तुटणार नाही याची खात्री मी केली आहे. तुझं वजन कळव. गरम कपडे आणि बूट धरून.

उत्तर लवकर यावं.
तुझी,
ओस्ने

*

राउलांड, १४ मार्च

चि. ओस्नेस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रागावले, मग तारयेईला वाचून दाखवलं. तो म्हातारा इतका हसला की कॉफी नाकात गेली. म्हणतो कसा, मी सांगत होतो ना, सरळ विचार म्हणून; पण नाही, बाईसाहेब पोरीला आधी स्की विकत घ्यायला लावणार आणि मग गाडीत बसणार. मी त्याला म्हटलं, तू तुझे दांडे बघ.

विचारायला जीभ वळेना गं. जिने तुला त्या चढावरून ओढलं, तिने कसं म्हणायचं की आता मला ओढ? वाटलं, स्की बरोबर घेतलीस तर तिथे गेल्यावर आपोआप होईल, बोलावं लागणार नाही. खुबा बदलायचा आहे, मे महिन्यात. तोवर दोन काठ्यांवर अंगणापर्यंत जाते. तुझ्या बापाला मीच सांगेन, पण वरून आल्यावर.

तारयेई मागून दोर धरायला तयार आहे. त्याचे गुडघे माझ्या खुब्यापेक्षा बरे आहेत असा त्याचा दावा आहे.

मी गाडीत मागे तोंड करून बसणार, तू बसायचीस तशी. संत्री माझ्याकडे असतील. सालं वाटेवर टाकणार नाही, तेव्हा तुला किती ओरडले होते ते आठवतंय.

पाकिटात किल्ली घातली आहे. पुढे चालणाऱ्याच्या गळ्यात असते, तेव्हा घाल. दारापाशी मला परत दे. शेवटची चार पावलं मी माझ्या पायांनी टाकीन आणि कुलूप मीच काढीन.

वजन अडुसष्ट.

माझ्यावरची माया चढ संपेपर्यंत तरी टिकव.
तुझी आत्या,
गुनहिल्ड

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. अडुसष्ट खोटं आहे, डॉक्टरलाही तेच सांगितलं होतं. चौऱ्याहत्तर. बुटांसकट शहात्तर. पट्ट्या पूर्ण रुंदीच्या घे.