धुतलेले गणवेश

शिरपूर

तीर्थरूप नाना,

कामिनीचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचे गुडघे कसे आहेत? केळी कापणीला आली का?

पाड्यावरच्या किती मुली शाळेत जातात, याची माझी पाहणी सरकारने मान्य केली. मी पाहुणी येणार म्हणून तिथल्या आयांनी मुलींना घरातले एकमेव धड कपडे घातले होते, शाळेचे गणवेश. मी सगळ्यांच्या नावापुढे 'शाळेत जाते' असं लिहिलं. खरं तर मुली दिवाळीपासून शाळा सोडून कापूस वेचत होत्या.

सगळ्या शाळेत जातात तर गरज काय, असं म्हणत माझ्या आकड्यांवरून मुलींचं वसतिगृह नामंजूर झालं. चूक कळवली, पण फाइल बंद झाली म्हणतात.

काल पुन्हा गेले. एका आईने भाकरी वाढली आणि लेकीला हाक मारली, "ताई आल्या, गणवेश घाल."

नाना, तो तिला आता आखूड होतो.

तुमची,
कामिनी