पुढचं बाक

सेंट लुईस, ५ जुलै १९१७

प्रिय हेस्टर,

हे पत्र तुला आहे, आणि चौदा तारखेच्या उत्तरेकडच्या गाडीसाठी गाठोडी बांधून बसलेल्या आपल्या चर्चमधल्या अकरा कुटुंबांनाही. आपल्या सगळ्या काळ्या माणसांचं दुखणं एकच. गोरा समोरून आला की चिखलात उतरायचं, ट्राममध्ये मागच्या बाकावर बसायचं, आणि वर हसतमुखही राहायचं.

माझं मागचं पत्र तू चर्चमध्ये उभी राहून वाचलंस. उत्तरेकडून आलेलं पत्र आपल्याकडे एकाचं नसतंच. ‘ईस्ट सेंट लुईसला मी ट्राममध्ये पुढच्या बाकावर बसते,’ या ओळीला म्हणे लोक उठून ‘आमेन’ म्हणाले. मी भाषणं करणारी बाई. कोणत्या वाक्याला लोक उठतात ते मला पक्कं ठाऊक. गोरे कामगार कारखान्याच्या फाटकाशी आमच्याकडे कसे बघतात, मे महिन्यात आमच्यावर दगड कसे पडले, ते मी लिहिलं नाही. वाक्य बिघडलं असतं.

आता मी नदीच्या या काठावर आहे, एका सरकारी इमारतीच्या फरशीवर. शेकडो जणी आहोत. पलीकडची, ईस्ट सेंट लुईसमधली आमची घरं गोऱ्यांच्या जमावाने जाळली. कपड्यांचा धुराचा वास जात नाही. बाहेर ट्रामची घंटा वाजली की सगळ्या एकदम गप्प होतात. एक म्हातारी सारखी विचारते, “पोरींनो, दार लावलंय ना गं?” लावलेलं असतं, तरी मी उठून बघते.

सोमवारी दुपारी तुझा एनॉस आणि मी तुझ्यासाठी खोली बघायला निघालो होतो. स्वयंपाकघराला खिडकी असलेली. ट्राममध्ये चढल्यावर तो सवयीने मागे चालला. मी बाही धरून त्याला पुढं बसवलं. “मेव्हणीबाई, राजाला बसवलंत खरं, पण मुकुट घरीच विसरलात की!” म्हणाला. थोड्याच वेळात ट्राम थांबली. जमावाने तिचा वीज घेणारा वरचा दांडा तारेवरून खेचला होता. काठ्या होत्या, विटा होत्या, हॅट घातलेल्या बायकाही होत्या. “अरे, हा बघा, पुढंच बसलाय साहेब!” कुणीतरी ओरडलं.

माझा रंग तुला ठाऊक आहे, गोऱ्या बाईत खपून जाईल इतका उजळ. त्यात हॅटची जाळी तोंडावर होती. एनॉसने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग तो उठला, टोपी काढली, मान खाली घातली आणि गोऱ्या मालकिणीशी बोलावं तसं म्हणाला, “माफ करा मॅम, चुकून तुमच्या शेजारी बसलो.” आणि मागच्या बाकाकडे चालू लागला. तिथूनच त्याला ओढून नेलं. एकजण हॅटला हात लावून मला म्हणाला, “घाबरू नका बाई, आम्ही आहोत.” मी मान डोलावली. एनॉस दहा पावलांवर होता. सभा गाजवणाऱ्या माझ्या तोंडातून त्याचं नावही फुटलं नाही.

काल मी शवागारात जाऊन त्याला ओळखून आले. तो गेला, हेस्टर.

येऊ नका असं मी म्हणत नाही. तिथं दक्षिणेतही आपल्याला टांगायला दोर आणि झाड आहेच. पण माझ्या अर्ध्या सत्यावर विसंबून आणखी कुणी गाडीत चढू नये. मला शाप दे, माझं तोंड बघू नकोस. फक्त आधी एवढं कर: या रविवारी त्याच जागी उभी राहा, हे पत्र पहिल्या ओळीपासून वाच, आणि मला घेता आलं नाही ते नाव मोठ्याने घे.

तुझीच, तू म्हणशील तर,
लुवेनिया