लव्हिनियाचे कर्णे

मी, जोसाया टकवेल, वय वर्षे एकाहत्तर, राहणार गॅनेट कोर्ट, क्लर्कनवेल, लंडन, धंदा कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानाचे कर्णे बनवण्याचा, आज माझ्या कामाच्या मेजावर बसून स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. छाती शाबूत नाही. डॉक्टरांनी ईस्टरपर्यंतचा वायदा केला आहे आणि तोही करताना ते खिडकीबाहेर बघत होते. डावा कान पूर्ण गेला आहे, उजव्यात थोडी धुगधुगी आहे. मृत्युपत्र करणाऱ्याला ऐकू आलेच पाहिजे असे कायद्यात कुठे नाही, ही खात्री मी वकिलाकडून करून घेतली. तो वकील माझ्याशी बोलताना ओरडतो, म्हणून लिहिण्याचे काम त्याला दिले नाही. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायला घरात कोणी उरलेले नाही. सन १८७० मध्ये केलेले माझे आधीचे मृत्युपत्र, ज्यात माझ्या एकुलत्या एक मुलीचे नाव मी मुद्दाम गाळले होते, ते या लेखाने रद्द समजावे. ते केल्याची मला लाज वाटते.

१. या मृत्युपत्राची व्यवस्था माझे शेजारी व चाळीस वर्षांचे मित्र थॅडियस गेल, केसांचे टोप बनवणारे, यांनी पाहावी. गेल या लेखावर साक्षीदार म्हणूनही सही करणार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असा कायदा आहे. तेव्हा गेल, तुला काही नाही. माझी तंबाखूची बरणी तुला हवी होती, ती आजच उचलून ने, मी जिवंत आहे तोवर.

२. हे मृत्युपत्र माझ्या मुलीला कोणी मोठ्याने वाचून दाखवू नये. ते तिच्या हातात द्यावे, तिला उजेडात बसवावे आणि वाचून होईपर्यंत कोणी बोलू नये. कारण पुढे येईलच.

३. माझी मुलगी डॉर्कस, डेप्टफर्डचा दोरखंड वळणारा इनॉक हॉलोवे याची पत्नी, हिला या घराच्या भाडेपट्ट्याची उरलेली मुदत, घरातले सर्व सामान आणि बँकेत जे काही असेल ते सगळे मिळावे. त्याला कसलीही अट नाही. तिने मला क्षमा करावी अशीही नाही. गेल्या तीन वर्षांत मी तिला पाच पत्रे लिहिली आणि पाचही न फोडता परत आली. हे परत पाठवता येणार नाही, कारण पाठवायचे कोणाकडे?

४. ऐरणी, हातोड्या, कातरी, डाख द्यायचे सामान आणि कानाच्या वळणांचे शिसवी साचे मजूर संस्थेच्या कारागिरी शाळेला द्यावेत. माझे जुने प्रतिस्पर्धी ऑगस्टस ब्रिम यांनी माझा पंख्यातला कर्णा, म्हणजे बायकांच्या हातपंख्यात दडवलेला, स्वतःच्या नावाने बड्या घरांत विकला. त्यांना त्याच कर्ण्याचा माझा पहिला नमुना द्यावा, जो शिट्टी वाजवतो. चोरलेला माल तरी पूर्ण असावा.

५. गिऱ्हाइकांची वही न उघडता जाळावी. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला रस्त्यात ओळख द्यायची नसते. दाढीत दोन कर्णे लपवून न्यायासनावर बसणारे एक गृहस्थ आजही मला पाहून रस्ता ओलांडतात, आणि त्यांचे बरोबरच आहे. दुकानाच्या पाटीखाली मी स्वतः रंगवले होते: "कोणाला कळणारही नाही." लोक कर्ण्याचे पैसे थोडे आणि लपण्याचे जास्त देत. कातडीच्या रंगाचा लेप, गिऱ्हाइकाच्याच केसांची बट, घरात कोणी वारले तर वरून काळे रेशीम. माझ्या हातचे काम आरशातही दिसत नसे. याचा मला फार गर्व होता, आणि पुढचे सगळे त्यातूनच झाले.

६. आता लव्हिनियाचे कर्णे.

माझी पत्नी लव्हिनिया हिला सोळाव्या वर्षी तापात बहिरेपण आले. मी तिला भेटलो तेव्हा कंदील बनवणारा साधा पत्रेकारागीर होतो. ती ओठांवरून बोलणे वाचत असे, आणि मी तिच्यासाठी बोलायला शिकलो: हळू, समोर बसून, तोंडात पाइप न धरता. जेवताना दिवा मी माझ्या बाजूला ठेवी, म्हणजे माझे ओठ तिला दिसावेत. अशी चौदा वर्षे गेली. आमचे घर बडबडे होते, हे गेलला विचारावे.

तिच्यासाठीच मी हा धंदा शिकलो. सन १८५८ मध्ये तिच्या वाढदिवसाला मी तिला चांदीच्या पट्टीवर बसवलेले दोन कर्णे दिले. पट्टी डोक्यावरून जाई, कर्णे कानामागे केसांत दडत, आणि वरचे केस गेलने तिच्याच केसांतून असे जुळवले की मलाही शोधावे लागत. असा कर्णा बनवताना डाख देऊन झाल्यावर नळीच्या वळणात मेणात भिजवलेला कापसाचा बोळा बसवतात, नाहीतर लेप आत उतरतो. लेपाचे तीन हात वाळले की आकड्याने बोळा काढायचा, आणि मग कर्ण्याच्या तोंडातून शिशाचा छर्रा सोडायचा. तो कानाच्या टोकातून बशीत पडला, तरच माल दुकानाबाहेर जाई. माझ्या दुकानातून छर्रा न सोडता एकही कर्णा गेला नाही. एक जोडी सोडून.

त्या दिवशी पाहुणे दुपारी दोनला यायचे होते आणि तिसरा हात दीडला वाळला. गेल कंगवा घेऊन उभा होता. तो म्हणाला, "छर्रा सोडलास का रे?" मी म्हणालो, "बायकोच्या दागिन्याची कसली परीक्षा घेतोस!" बोळे आतच राहिले. दोन्हीकडचे.

सगळ्यांसमोर मी ते तिच्या डोक्यावर चढवले, तिच्या मागे उभा राहिलो आणि विचारले, "लव्हिनिया, ऐकू येतंय का?" खोलीतली बारा माणसे तिच्या तोंडाकडे बघत होती. काय विचारले असेल हे तिला न कळण्यासारखे काय होते? ती हसली, तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि ती म्हणाली, "हो, येतंय." मी ते पाणी आनंदाचे धरले आणि टेबलावर चढून नाचलो.

त्या दिवसापासून मी तिच्याशी पाठमोरा बोलू लागलो. दिवा जेवणाच्या टेबलावरून कामाच्या मेजावर गेला. हत्यारे चालवता चालवता मी बोलत असे, तोंडात पाइप धरून, भिंतीकडे बघून. गिऱ्हाइके आली की मी तिला बाहेर बोलावी आणि म्हणे, "ही माझी मंडळी. ठार बहिरी होती, आता बघा!" ती मान डोलवी. तिच्या त्या मान डोलावण्यावर माझे दुकान उभे राहिले. आणि घरात मी पाठ करून मीठ मागावे, तिने आणू नये आणि मी भडकावे. एकदा मी म्हणालो, "कान मी दिले तुला, आता लक्षही मीच देऊ का?" हे मात्र मी वळून, तिच्या तोंडावर म्हणालो होतो. तेवढे तिला नीट कळले.

तेवीस वर्षे. या तेवीस वर्षांत ती हळूहळू बोलेनाशी झाली. मी लोकांना सांगत असे की वयाने बायका अबोल होतात.

७. डॉर्कसला हे कळले होते. सन १८६९ च्या एका रविवारी, चर्चहून आल्यावर, वीस वर्षांची डॉर्कस टोपीही न काढता माझ्यासमोर उभी राहिली. आमचे बोलणे मला शब्दन्शब्द आठवते, कारण त्यानंतर तिचा आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

ती म्हणाली, "बाबा, आईला काहीही ऐकू येत नाही. त्या कर्ण्यांतून कणभरही नाही."

"तिनं सांगितलं तुला?"

"ती कशाला सांगेल? तुम्ही त्या कर्ण्यांचं एवढं कौतुक करता की तिची छाती होत नाही. मी पाठ फिरवून तिला हाक मारली. दहादा मारली. ती मटार सोलत बसली होती."

"म्हणजे माझ्या हातचं काम खोटं? तीन सरदारांच्या घरी माझा माल जातो, आणि तू मला शिकवणार?"

"काम खोटं नसेल हो. पण एकदा तिच्याकडे तोंड करून बोला ना! पूर्वी बोलत होतात तसं. एकदाच!"

लव्हिनिया कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. आम्हा दोघांचे चेहरे बघून तिने उठायला सुरुवात केली. त्याच वेळी छर्रा सोडून बघितला असता तर अर्ध्या मिनिटात निकाल लागला असता. छर्र्यांची डबी माझ्या खिशातच होती. पण मी दाराकडे बोट दाखवले आणि डॉर्कसला म्हणालो, "ज्या धंद्यानं तुला पोसलं त्यालाच नाव ठेवतेस? चालती हो." ती गेली. इनॉकशी लग्न झाल्याचे मला दूधवाल्याकडून कळले.

८. लव्हिनिया मार्च १८८१ मध्ये वारली. तिला कर्ण्यांसकट पुरावे आणि त्यांवर रीतीप्रमाणे काळे रेशीम चढवावे, असे माझ्या मनात आले. जिवंतपणी तिने ते कधी माझ्या हाती दिले नव्हते. तिच्या आईच्या सुतकातही नाही. "राहू दे, वरून फीत बांधते," म्हणायची. मी जुना लेप खरवडला आणि निव्वळ हाताच्या सवयीने छर्रा सोडला. छर्रा पडला नाही. मी कर्णा हलवला, आपटला. मग दुसऱ्यात सोडला. तोही पडला नाही.

मी नळ्या चिरल्या. बोळे जागच्या जागी होते, आणि उजव्या बोळ्याच्या मेणावर केसांतल्या आकड्याचे ओरखडे होते. म्हणजे तिने कधीतरी हात घातला होता, आत काहीतरी अडकले आहे हे तिला कळले होते, आणि तरी तिने ते तसेच राहू दिले. मेण फार खोल होते म्हणून, की तोवर डॉर्कस गेलेली होती आणि बोळा बाहेर आला असता तर मी कशापायी मुलगी घालवली हे मला कळले असते म्हणून? मी तीन वर्षे याच एका प्रश्नाशी बसलो आहे. विचारायला कोणी नाही. ती असती तरी मी बहुधा पाठ करूनच विचारले असते.

मी ते कर्णे तिच्याबरोबर पुरले नाहीत. माझ्याच्याने ते झाले नाही.

९. माझ्या दफनाबद्दल. लव्हिनियाचे कर्णे, चिरा डाख देऊन बुजवलेले आणि बोळे होते तिथेच बसवलेले, माझ्या मेजाच्या उजव्या खणात आहेत. ते माझ्या डोक्यावर चढवून मला पुरावे. मला तिच्या शेजारी, तिच्याकडे तोंड करून, कुशीवर ठेवावे. पेटी करणारा म्हणतो असे कोणी करत नाही. त्याला म्हणावे, कर.

१०. डॉर्कस, हे कलम तुझ्यासाठी आहे.

आईच्या दफनाच्या वेळी तू कबरीच्या पलीकडे उभी होतीस. पाद्री बोलू लागले तसा तू डावा कान पुढे केलास आणि हनुवटी किंचित वर उचललीस. माझा सारा जन्म अशा माना बघण्यात गेला. तुलाही ते लागले आहे, पोरी. माझ्या बाजूने आले असणार, कारण तुझ्या आईचे तापाचे होते. तू कोणाला सांगितले नसशील. कर्णा तर तू मरेपर्यंत लावणार नाहीस, हे मी समजू शकतो.

तरी मी एक जोडी केली आहे. तुझ्या डोक्याचे माप मी इनॉकच्या बहिणीकडून, टोपी भेट द्यायची आहे असे खोटे सांगून, मिळवले. हिच्यावर लेप नाही, रेशीम नाही, केसांची बट नाही. उघडे पितळ आहे आणि ते लांबूनही दिसेल. लेप नाही म्हणून बोळाही लागला नाही. माझ्या आयुष्यात न लपणारा हा एवढाच कर्णा मी केला. लपवायचा नसता तर तुझ्या आईचाही मी पुन्हापुन्हा हातात घेऊन बघितला असता.

तू तो लाव किंवा भंगारात घाल. पण लावलास तर घरातल्या सगळ्यांना, इनॉकला आणि ज्या नातीला मी पाहिले नाही तिलाही, माझे एवढे सांगणे आहे: ही कर्णा लावून बसली असली तरी हिच्याशी बोलताना हिच्याकडे तोंड करावे. दिवा आपल्या बाजूला घ्यावा. माझ्या सगळ्या मिळकतीत देण्यासारखे एवढेच आहे, आणि ते माझ्याकडे चौदा वर्षे होते.

तू सांगितलेस ते खरे होते. मी चुकलो, डॉर्कस.

११. याउपर काही राहिले असल्यास ते गेलने आपल्या अकलेने करावे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांसमोर सही करून पुरे केले.

(सही) जोसाया टकवेल

आम्ही खाली सही करणारे लिहून देतो की वरील सही जोसाया टकवेल यांनी आम्हा दोघांच्या देखत, पूर्ण शुद्धीवर असताना केली, आणि त्यानंतर आम्ही एकमेकांच्या व त्यांच्या देखत सह्या केल्या. शिवाय त्यांच्या सांगण्यावरून असेही लिहून देतो: डॉर्कस हॉलोवे यांच्यासाठी केलेल्या पितळी कर्ण्यांपैकी प्रत्येकात आम्ही दोघांनी पाळीपाळीने तीन-तीनदा शिशाचा छर्रा सोडला. तो दर वेळी कानाच्या टोकातून खाली ठेवलेल्या चिनी बशीत पडला. मिस्टर टकवेल डोळे मिटून बसले होते आणि बशीचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता. म्हणून दर वेळी आम्ही त्यांचा हात दाबला, त्यांनी डोळे उघडले की त्यांच्यासमोर येऊन "पडला" असे सांगितले, आणि मग त्यांनी "पुन्हा" म्हटले.

(सही) थॅडियस गेल, टोप बनवणारे, गॅनेट कोर्ट
(सही) कु. प्रुडन्स ऑर्चर्ड, निवृत्त शिक्षिका, तळमजला, सदर घर

स्थळ: क्लर्कनवेल, लंडन
तारीख: ११ नोव्हेंबर १८८४