मिस कॉल आल्यावरच कापायचं

१२ मार्च, गुरुवार

विहाराच्या फाटकाचं काम घेतलं. घ्यायला नको होतं, असं घरी येईपर्यंत वाटायला लागलं.

जुनं फाटक माझंच. तरुणपणी गॅसवर कापून केलेलं. खालून पार सडलंय. सोनकांबळे गुरुजी म्हणाले, "तात्या, नव्या फाटकात मधोमध धम्मचक्र पाहिजे. पत्र्यातून कापलेलं, आरपार दिसणारं. वैशाखी पौर्णिमेला बसवू." समितीतल्या एकानं चिंचोळी एमआयडीसीचं नाव काढलं. तिथं लेझरवर कापून मिळतं म्हणे, संगणकात नकाशा घातला की झालं. मी म्हणालो, माझ्या हातानं करतो, दान म्हणून. गुरुजींनी तसं वहीत लिहून घेतलं. आता मागं येता येत नाही.

चोवीस आरे. तीन एमएमचा पत्रा. उजवा हात थरथरतो ते कुणाला बोललो नाही.

१३ मार्च

शकूला सांगितलं. तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "कशानं कापणार? दातानं?"

खरं आहे. गेल्या वर्षी तिच्या छातीत मशीन बसवलं, ठोके चालवणारं. ती दवाखान्यातून आली त्याच आठवड्यात प्रकाशनं पुण्याहून येऊन माझ्या गॅसच्या टाक्या परत करायला लावल्या. "बाबा, स्वयंपाकघराला लागून शेड, पलीकडं आई. बॉम्ब ठेवलाय का घरात?" पोरगं चुकीचं बोललं नाही. तेव्हापासून वेल्डिंग आणि ग्राइंडर. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे. ग्राइंडरनं सरळ कापतं, गोल नाही. गॅस असता तरी एवढा पातळ पत्रा पापडासारखा वाकडा झाला असता.

प्लाझ्मा कटर लागणार. नाव ऐकून आहे. हातात कधी धरला नाही.

१५ मार्च, रवि.

मोबाईलवर व्हिडिओ बघून डोळे दुखले. एक सांगतो सगळ्यात स्वस्त घेऊ नका. दुसरा सांगतो महाग घेऊन फसू नका. तिसरा स्वतःचंच विकतो. तीस अँपिअर, चाळीस, साठ. हवेचा पंप आतच असलेलं, नसलेलं. एकानं कागद कापावा तसा पत्रा कापून दाखवला. पण त्याचा हात जवान होता.

१८ मार्च

सात रस्त्याला मशिनरीच्या दुकानात गेलो. मालक स्वामी, अक्कलकोटकडचा. फोनवर कानडी, माझ्याशी मराठी, मधे श्वास नाही.

दोन मशीन दाखवली. स्वस्तातलं बटण दाबलं की अधांतरी ठिणगी उडवून पेटतं. दुसरं थोडं महाग, टोक पत्र्याला टेकवल्यावर पेटतं. स्वामी म्हणाला, "काका, स्वस्तातलंच घ्या की. रिक्षात बसून घरला जातंय."

चालवून बघायला दिलं. बटण दाबलं आणि थांबलो. गॅसवर आयुष्य गेलं. आधी जागा लाल होऊ द्यायची, ओली झाल्यासारखी चकाकली की मग पुढं सरकायचं. मी लाल व्हायची वाट बघत उभा. पत्र्याला भसका पडला, टोकाचं तांब्याचं नोझल जळून गेलं.

"काका, ह्यात वाट बघायचीच न्हाय. पेटलं की चालायला लागायचं."

नोझलचे पैसे घेतले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

ठिणगी उडताना काउंटरवरचा रेडिओ खरखरत होता. का म्हणून विचारलं. म्हणाला, ठिणगीच्या करंटचा जवळच्या रेडिओला, मोबाईलला त्रास होतो. मग बिल फाडता फाडता सहज, "घरात कुणाच्या छातीत मशीन न्हाय न्हवं?"

बिल तिथंच ठेवून, काही न घेता घरी आलो.

१९ मार्च

सकाळी शेडमधे उभा राहून भिंत बघत बसलो. चार इंची वीट. पलीकडं ओटा. शकू ओट्यापाशी असते तेव्हा माझं वेल्डिंग आणि तिची छाती यांच्यात ती भिंत, दुसरं काही नाही. आणि मी वर्षभर वेल्डिंग केलं. दवाखान्यात सांगितलं होतं, मोबाईल त्या बाजूच्या कानाला लावू नका. ते पाळलं. वेल्डिंगचं कुणी बोललं असेल तर मला आठवत नाही. सोबत दिलेलं पुस्तक इंग्रजीत. मी सातवी.

तिला सांगितलं. "मग मेले का मी?" म्हणाली आणि भाकरी उलटली.

२० मार्च, शुक्र.

डॉक्टरांना भेटलो. म्हणाले लांब राहायचं. किती लांब? "जेवढं लांब तेवढं चांगलं. नक्की अंतर मशीन बनवणाऱ्याला विचारा."

प्लाझ्मा कटरवाल्या कंपनीला फोन केला. म्हणाले डॉक्टरांना विचारा.

छातीतल्या मशीनच्या कंपनीला केला. मुलगी हिंदी बोलत होती, गोड होती. वेल्डिंगला दोन फूट पुरतं म्हणाली. मला फोनवरच रडू यायचं राहिलं. भिंत धरून तेवढं अंतर भरतं. मग प्लाझ्माचं विचारलं तर थांबली. "वो अलग है अंकल. डॉक्टर से पूछ लीजिए."

शकू पायरीवर बसून शेंगा खात सगळं ऐकत होती. "झालं का विचारून? आता दुधवाल्याला इचारा."

२३ मार्च

विहारात नेऊन कापता येईल का, गुरुजींना विचारलं. विहाराचं मीटर दोन पंखे आणि ट्यूबलाईटपुरतं. असलं मशीन लावलं तर गल्लीचा उजेड जाईल म्हणाले. मग हळूच, "तात्या, झेपत नसलं तर सांगा. चिंचोळीचं बघू, कुणी काय बोलणार न्हाय."

कुणी काय बोलणार नाही, तेच तर.

प्र.चा फोन. त्याला आईनं सांगितलं असावं. "बाबा, मी पैसे पाठवतो, लेझरवर करून घ्या." बघतो म्हटलं. पंचवीस वर्षांपूर्वी याच शेडमधे कापलेल्या लोखंडावर त्याची शाळा झाली. हे बोललो नाही.

२७ मार्च

घेतलं. टेकवून पेटणारं, तीस अँपिअरचं. घरच्या मीटरवर चालेल एवढंच. स्वामी म्हणाला, "बरं केलं. पर ह्याच्या पुस्तकातबी छातीच्या मशीनचं लिवलंय काका. खोटं कशाला बोलू." कमी पडत होते ते शकूनं बचत गटातून आणून दिले, मी न मागता. पैसे ठेवताना म्हणाली, "त्या चक्राच्या फाटकातनं मला बी जायचं हाय."

हवेसाठी रफिकच्या पंक्चरच्या दुकानातला जुना कॉम्प्रेसर. रफिक म्हणाला, "चाचा, नीचे का नट रोज खोलो. नै तो पानी थूकता ये."

मशीन शेडमधे ठेवलंय. वर गोणपाट टाकलंय. अजून वायर लावली नाही.

३० मार्च, सोम.

ठरलं असं. मी कापणार तेव्हा शकू विहारात जाऊन बसणार. विहार गल्लीच्या टोकाला. पोचली की मला मिस कॉल. तो आल्यावरच मी मशीन चालू करायचं. माझं थांबलं की मी तिला मिस कॉल देणार, मग तिनं यायचं. कुणीच उचलायचा नाही. उचलला की ती भाजी काय आणू विचारते आणि मी कशाला फोन केला ते विसरतो.

"लगीन झाल्यापास्नं पहिल्यांदा घराबाहेर काढताय मला," म्हणाली. वर, "जायाचं कुटं तर हितं विहारात."

२ एप्रिल

पहिल्यांदा चालू केलं. भंगाराच्या तुकड्यावर. टोकातून पाणी थुंकलं, ज्योत विझली. नट खोलायचा विसरलो होतो. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा पुन्हा लाल व्हायची वाट बघत थांबलो. हाताला सांगून कळत नाही.

५ एप्रिल, रवि.

युक्ती सापडली. दोन आऱ्यांच्या मधलं जे घर कापून काढायचं, त्याच्या आकाराचा लाकडी फर्मा केला. पत्र्याला आवळून बसवायचा, त्याच्या कडेला टॉर्च, म्हणजे कटरची मूठ, दाबून धरायचा. दाबलेला हात थरथरत नाही. सुटा असला की थरथरतो.

चार घरं कापली. खाली पडलेला तुकडा हातात घेऊन बसलो. कड जवळजवळ सफाईदार. शकूला मिस कॉल दिला. आली, बोट फिरवून बघितलं. "हे पडलेलं मला द्या, कुंडीखाली ठिवायला."

बरं वाटलं. लगेच भीती वाटली.

८ एप्रिल

आज पाण्याची पाळी. चार-पाच दिवसांनी येतं, कधी येईल नेम नाही. पाण्याच्या दिवशी शकू घर सोडत नाही. काम बंद.

११ एप्रिल

ऊन फार. सकाळी नऊलाच पत्र्याची शेड तापते. दोन घरं कापून थांबलो. शकू घरी आल्यावर तिला गरगरलं. भिंतीला धरून खाली बसली. पाणी दिलं, दोन मिनिटांत बरी. म्हणाली उन्हानं. मी दवाखान्यात चल म्हटलं.

"उन्हानं गरगरलं म्हणून डॉक्टर ऊन बंद करणार हाय का? म्हैना पुढं तपासणी हाय. तवा बघतील."

प्र.ला सांगू नका म्हणाली. सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

१४ एप्रिल

जयंती. काम नाही. गल्लीत निळे झेंडे. गुरुजी सगळ्यांना सांगत होते, तात्या चक्र कापतायत, हातानं. लोक जयभीम करून हात हातात घेत होते. मी उजवा खिशात ठेवून डावा पुढं करत होतो.

१६ एप्रिल

आज चार घरं. मधल्या दिवसांतली धरून निम्म्याच्या पुढं गेलो. चक्र उभं करून बघितलं. अर्धी बाजू आरपार, अर्धी बंद. बंद बाजूकडून शेडचं दार दिसत नाही, उघड्या बाजूकडून दिसतं.

मिस कॉल आज लवकर आला. गुडघे दुखणारी बाई एवढ्या लवकर विहारात कशी पोचली, घरी आल्यावर विचारलं. म्हणाली, रफिकनं स्कूटरवर सोडलं. बरं झालं.

१८ एप्रिल

रफिककडे नटाला वायसर आणायला गेलो. म्हटलं, परवा हिला सोडलंस, बरं केलंस. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. "कब चाचा?" मग म्हणाला, "हौ हौ, छोडा होइंगा." गिऱ्हाईक आलं, राहिलं.

होइंगा.

२० एप्रिल, सोम.

आज झालं ते लिहून ठेवतो.

सकाळी शकू चप्पल घालून गेली. मी स्वतः बघितलं, गल्लीतून वळेपर्यंत. थोड्या वेळानं मिस कॉल. कॉम्प्रेसर भरला, नट खोलून पाणी काढलं, तोंडावर काच ओढली. घर कापायला टोक टेकवणार, तर भिंतीपलीकडं हंड्यात पाण्याची धार. पाणी एक दिवस आधी आलं होतं. कुणीतरी भरत होतं.

टॉर्च खाली ठेवला. हाक मारली, "शकू?"

"पाणी आलं की. म्हणून आले पळत."

"मिस कॉल कुठून दिलास?"

धार चालूच. "तुमी कापा की."

"कुठून दिलास विचारतोय."

"विहारातनं. अजून कुटनं देणार? देऊन झाला, तर बायका म्हणाल्या पाणी आलं. आले."

असेल. तसंच असेल. मी बाहेर जाऊन दारातल्या तिच्या चपलेला हात लावून बघितला. तळ गरम होता. पण एप्रिलात उंबऱ्याबाहेरची कुठली चप्पल गरम नसते.

दिवसभर कापलं नाही. तिनंही विचारलं नाही. रात्रीच्या भाकरीबरोबर ठेचा वाढला, मला आवडतो तसा, जास्त लसणाचा. जेवताना म्हणाली, "फाटक पौर्णिमेला लागायला पायजे. मी सगळ्यांना सांगून बसलेय." मग ताट उचलताना, "उन्हात रोज जायाचं म्हंजे लई तरास होतो. पर मी जाते."

जाते म्हणाली.

२१ एप्रिल

गुरुजींचा निरोप आला. पौर्णिमा जवळ आली, फाटकाला रंगही द्यायचाय, किती राहिलं. सात घरं राहिली म्हणून कळवलं. सात घरं म्हणजे दोन सकाळचं काम.

शकू तयार होऊन गेली. जाताना शेडच्या दारात थांबली, चक्र बघितलं. "वाकडं झालंय का हो हे एक?" झालंय. अकरा तारखेचं आहे. तिला गरगरलं त्या दिवशीचं. कुणाला कळणार नाही, तिला कळलं.

मिस कॉल आला.

कॉम्प्रेसर भरून तयार आहे. टॉर्च मांडीवर आहे. कॉम्प्रेसर बंद करून भिंतीला कान लावला. काही ऐकू येत नाही. गप्प बसलेलं माणूस भिंतीतून ऐकू येणार तरी कसं.

उठून स्वयंपाकघरात बघणं अवघड नाही. चार पावलं. पण बघितलं आणि ती तिथं असली, तर एवढे दिवस ती तिथंच होती असं होईल. आणि नसली, तरी आधीच्या दिवसांत होती की नाही ते मला कळणार नाही.

म्हणून हे लिहीत बसलोय. पत्रा समोर आहे, फर्मा आवळलेला आहे, आणि मी वाट बघतोय. स्वामी म्हणाला होता ह्यात वाट बघायची नाही.

आता फोन लावला. वाजतोय. भिंतीपलीकडं वाजत नाही, पण ती आवाज बंद करून ठेवते. उचलत नाही. उचलायचा नाही असं मीच सांगितलं होतं.