सव्वा इंचाचे वळ

इनामगाव, ता. शिरूर
रविवार, ता. ३ ऑक्टोबर १९७६

श्री. सावळारामदाजी यांस,

भिमाजीचा रामराम. इकडे सर्व बरे आहेत. तिकडेही बरं असेल, असं लिहायचा हक्क मला उरलेला नाही, म्हणून लिहीत नाही.

घोडनदीला यंदा पाणी चांगलं आहे. ज्वारी उगवून आली. दिवाळीनंतर इथलं जुन्या वस्तीचं खोदकाम पुन्हा सुरू होईल आणि पुण्याच्या साहेबांनी खड्ड्यांची मापं घ्यायला मलाच बोलावलं आहे. आमची रंगू सहावीत गेली. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं काढते.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही पत्र चुलीत घालाल, असं रंगूची आई, सोजरा, म्हणते. घाला. पण आधी शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती आहे. जमलं तर शेवंतालाही वाचून दाखवा.

चौदा तारखेला दौंडच्या कोर्टात आपली तारीख आहे. आमचे वकील म्हणतात, आता काळजी नाही. माझे चुलतभाऊ हौसराव, भैरू आणि मी, तिघांचं म्हणणं एकच आहे. तुम्ही माझ्या बहिणीला, शेवंताला, पट्ट्यानं मारत होतात, आम्ही जाब विचारायला आलो, तुम्ही अंगावर धावलात, झटापटीत पायरीवर पडलात आणि हात खाली सापडला. या म्हणण्याला आधार माझ्या मोजणीच्या वहीचा. ती वही कोर्टात जमा आहे. मी चौथी शिकलेला माणूस. टेप आणि साखळी मला कुणी शिकवली नाही, बघून बघून शिकलो. पण वीस वर्षं या भागात बांधाचं भांडण लागलं की दोन्ही बाजू मलाच बोलावतात. माझ्या आकड्याला अजून कुणी बोट लावलेलं नाही. त्या वहीतही एक आकडा खोटा नाही. हे मी आजही सांगेन.

आकडे असे. गेल्या वर्षी १८ मे, रविवार, दुपारी एक. दंडावर वळ दोन. पाठीवर वळ पाच. रुंदी प्रत्येकी सव्वा इंच. दोन वळांमधलं अंतर तीन इंच. रंग लाल, कातडीच्या वर उठलेले.

त्या दिवशी शेवंताची एस.टी. चुकली होती. दौंडहून ती बन्सीच्या कांद्याच्या ट्रकमधून आली, मागच्या बाजूला पाठ टेकून बसून. घरात आली, पाणी प्यायला तांब्या वर केला आणि मला दंडावरचे वळ दिसले. मी विचारलं, दाजींनी मारलं का? ती म्हणाली, नाही दादा, कुणी हात लावला नाही, मला असं उठतं कधी कधी. मी मनात म्हटलं, सासरी नांदणारी बाई दुसरं काय सांगणार? आमच्याकडे सगळ्या बाया हेच सांगतात. पडले, दाराची कडी लागली, उठतं कधी कधी.

पित्त मला माहीत होतं. लहानपणी शेवंताच्या अंगावर गांधी उठायच्या तेव्हा आमसुलाचं पाणी मीच चोळायचो. पण त्या गांधी गोल असत. रेघेत उठलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. रेघेत उठतो तो मार, हा माझा हिशेब. सोजरानं आत टेप धरला, मी दाराबाहेर उभा राहून आकडे लिहून घेतले. सोजरा बाहेर आली आणि मध्ये काही बोलली. मी तिला गप्प केलं. शेवंताला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. ती दार वाजवत होती.

सोमवारी तुमच्या रेल्वे क्वार्टरपाशी काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. तरी लिहितो, कारण कोर्टात मी ते वेगळं सांगितलं आहे आणि खरं एकदा माझ्या हातानं कागदावर यायला हवं.

तुम्ही शेडमधून येऊन नळावर हात धूत होतात. साबणाचे हात. आम्हाला बघून हसलात आणि म्हणालात, अरे वा, मंडळी. भैरूनं मागून मिठी घातली. मी पहिला दांडा खांद्यावर मारला, दुसरा गुडघ्यावर. दांडा बाभळीचा, कुऱ्हाडीचा, मी घरून नेलेला. तुम्ही खाली बसलात. हौसरावनं तुमचा उजवा हात पायरीवर दाबून धरला. मी विचारलं, याच हातानं पट्टा धरतोस ना? तुम्ही म्हणालात, "कसला पट्टा?"

तुम्ही तेच दोनदा विचारलंत. मला वाटलं, खोटं किती सहज बोलतो हा माणूस. मग मी तळहातावर चार वेळा मारलं. तिसऱ्या घावाला आवाज बदलला. तरी चौथा मारला. साबणाच्या फेसात रक्त मिसळलं. शेजारची बाई ओरडत होती आणि हौसराव म्हणत होता, बास, भिमाजी, बास. झटापट झाली नाही. तुम्ही पडला नाहीत. तुम्ही बोटसुद्धा उचललं नव्हतं.

आता तुम्ही फिटर राहिला नाहीत, फाटकावर बसता, डाव्या हातानं जेवता, हे मला दौंडच्या लोकांकडून कळतं. शेवंता त्याच आठवड्यात तुमच्याकडे परत गेली आणि जाताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तुम्हाला भिऊनच ती परत गेली असेल, असं मी गावात सांगत फिरलो.

आता यंदाच्या ऑगस्टमधली गोष्ट. रंगू शाळेतून आली ती पोटरीवर आणि हातावर वळ घेऊन. मी कोपऱ्यातला दांडा उचलला. मास्तरचं घर चार आळ्या पलीकडे. रंगू म्हणत होती, दादा, मास्तरांनी नाही मारलं. मी ऐकलं नाही. तेच शब्द मी आधी एकदा ऐकले होते, तरी ऐकलं नाही. सोजरा उंबऱ्यात आडवी उभी राहिली. आजवर ती अशी कधी उभी राहिली नव्हती. तिनं पोरीचा दुसरा, चांगला हात धरला आणि नखानं त्यावर एक रेघ ओढली. जोरात नाही. पिठात ओढावी तशी.

"बसा," ती म्हणाली. "घड्याळ बघा."

मी का बसलो, मला माहीत नाही. आधी रेघ पांढरी दिसली, मग लाल, मग फुगायला लागली. पाचव्या मिनिटाला करंगळीएवढा वळ उभा होता. रंगू हसत होती. वर्गातल्या पोरी तिच्या हातावर फुली-गोळा खेळतात म्हणे. पाटी लागत नाही. त्या दिवशीही तोच खेळ झाला होता आणि पोटरीवरचे वळ बाकाच्या कडेचे होते.

सोजरानं खुंटीवरचा टेप काढून माझ्या पुढ्यात टाकला. "मोजा आता," म्हणाली.

मी मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी बन्सीच्या ट्रकपाशी गेलो. मागच्या कठड्याला लोखंडी पट्ट्या आहेत. रुंदी सव्वा इंच. दोन पट्ट्यांमध्ये तीन इंच.

मग रंगूला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चमच्याच्या दांड्यानं तिच्या पाठीवर तारीख लिहिली आणि गप्पा मारत बसले. तारीख उठली. ते म्हणाले, काही कातड्या अशा असतात. जरा दाब पडला, घासलं, की आतूनच सूज सुटते. रक्त बिघडलेलं नाही, लागण होत नाही, कुणाचं पाप नाही. कधी कधी एका घरात दोघातिघांना असतं. शेवंताचं सांगितलं तर म्हणाले, तिचंही तेच असावं, पण तपासून घ्या. तिला हे सांगा: कपडे सैल घालावेत, कढत पाण्यानं अंघोळ करू नये, अंग वजरीनं घासू नये. गोळी मिळते, पण झोप येते, चुलीपाशी असताना घेऊ नये. आणि ओठ किंवा जीभ सुजली, दम लागला, तर आमसूल चोळत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. कुठलंही इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरला अंगावर उठतं हे सांगायचं. डॉक्टरांच्या हातची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

वर मी लिहिलं आहे की सोजरा मध्ये बोलली आणि मी तिला गप्प केलं. हे पान मी दोनदा फाडलं. आता लिहितो.

ती म्हणाली होती, "ह्ये माराचं वळ न्हाईत. माराचा वळ रातीत निळा पडतो. ह्यो दिवस मावळायच्या आत जाईल. आन् मारणारा हात असा मोजून सारख्या अंतरावर पडत न्हाई." मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं? ती म्हणाली, "मला न्हाई कळणार, तर कुणाला कळंल?"

त्यावर मी तिला मारलं. कमरेच्या पट्ट्यानं. तो पट्टाही सव्वा इंचाचा आहे, दाजी. शेवंताच्या अंगावरची रुंदी वहीत लिहिली तेव्हाच मी हे पट्ट्याचं काम असं ठरवून टाकलं, ते कुणाला विचारून नव्हे. मला ती रुंदी घरातूनच पाठ होती. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. पहिली दहा वर्षं महिन्यातून एकदा तरी. पुढं कमी झालं. थांबलं होतं असं मी स्वतःला सांगत होतो.

संध्याकाळी कडी काढली तेव्हा शेवंताच्या दंडावर काही नव्हतं. तिनं हात पुढं करून दाखवला. मी म्हटलं, हळद लावली असेल. सोजराच्या पाठीवर मात्र दुसऱ्या दिवशी निळं पडलं होतं. ते बघूनही मी दौंडची गाडी धरली.

चौदा तारखेला मी कोर्टात उभा राहून माझं म्हणणं मागं घेणार आहे. वही खरी आहे, तिच्यावरून काढलेला अर्थ खोटा आहे, आणि झटापट झाली नाही, हे सांगणार आहे. वकील म्हणाले, दोन-तीन वर्षं आत जाल. हौसरावनं दारात येऊन शिव्या घातल्या, भैरू बोलत नाही. त्यांना दांडा दाखवून, भरीला घालून मीच नेलं होतं, तेही सांगेन.

सोजराही साक्षीला येते आहे. मी सांगितलं नाही, तिनं ठरवलं. वकील तिला विचारतील, बाई, तुम्हाला वळातलं एवढं कसं कळतं? ती भर कोर्टात सांगणार आहे. तिला अडवायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे. हातावर रेघ ओढून दाखवायला रंगूला बरोबर आणावं असं तिचं म्हणणं आहे, आणि त्यालाही मी नाही म्हटलेलं नाही.

तुमचा हात मोडणारा, शेवंताचा थोरला भाऊ
भिमाजी