सांगितलं अकोला, तिकीट पुण्याचं

कुलदीप,

तुही माय खाली ऑटोत बसून हाका मारून राहिली, म्हणून घाईत लिवतो. तिले सांगतलं, दोन दिवस अकोल्याले खुशालमामाकडे चाललो. खरं म्हंजे आमी पुण्याले चाललो, प्राजूची मेट्रो पाहाले. "चांगलं स्थळ सोडून पोरगी गाड्या हाकते," म्हणून तुह्या मायनं तिच्याशी अबोला धरला, तुले माहीतच हाय.

अकोल्याच्या टेसनावर मामा डबा घेऊन डब्यापाशीच उभा राहीन. ही उतराले निघाली की तो म्हनन, "बाई, माह्या घराले कुलूप हाय, तू भाचीकडेच जाय." मंग देवो किती शिव्या, गाडी सुटेल राहीन!

प्राजूलेही पत्ता नाही. तिची ड्यूटी तिच्या मैत्रिणीले इचारून घेतली. उद्या सकाळी तिच्याच गाडीत बसतो, मंग सारं पुणं फिरतो. तू फोन करून भांडं फोडू नको. भाजी फ्रिजमंधी हाय.

दोघी बोलतीन का नाही, मले सांगता येत नाही. पण तुह्या मायनं एकडाव डोयानं पाह्यलं पाह्यजे. पुण्याचे एवढे शिकेल लोकं गपचिप बसून राह्यतात, अन् त्याइले घेऊन जाते आपली पोरगी.

तुहा बाबा