अप्पांच्या वहीत नसलेला छ

दि. ९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तू, भावजी आणि पोरी मजेत असाल. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मध्येच 'बरं, ठेवते' म्हणतेस. कागदावर तसं करता येत नाही, म्हणून पत्र.

आधी बातम्या. तुझ्या भावजयीची बदली टळली. गच्चीवरची गळकी टाकी एकदाची बदलली. आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन सतराला, सोमवारी आहे. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासाचं काम. ती घाबरलीय, आणि घाबरली की सगळ्या घरावर डाफरते, तुला माहीतच आहे. 'ताई येणार आहे का?' हे दिवसातून चारदा. मी 'बघू' म्हणतो. तू मला काय लिहिलंयस ते तिला वाचून दाखवायची माझी हिंमत नाही.

माझा नाद तुला ठाऊक आहे, कॉम्प्युटरसाठी अक्षरं बनवण्याचा. ऑफिसात दिवसभर लोकांचे फॉर्म तपासायचे आणि घरी येऊन एका वेलांटीशी तासभर झटापट करायची. बायको म्हणते, 'एवढं निरखून माझ्याकडे बघितलं असतंस तर!' पण ताई, काय मजा असते सांगू! 'क'चं पोट जरासं फुगवलं की अख्खा शब्द गुबगुबीत दिसायला लागतो. रफार कुठल्या अक्षरावर कसा बसवायचा यापायी तर मी आठवडे घालवलेत. अप्पा गेल्यावर त्यांच्या दुकानातल्या दुरुस्तीच्या वह्या मी घरी आणल्या आणि ठरवलं, अप्पांच्या हस्ताक्षराचाच फॉन्ट करायचा.

घड्याळजीचं अक्षर ते! बारीक, ताठ, वरची रेघ उजवीकडे चढत जाणारी. एकेक अक्षर स्कॅन करायचं, कडेने बिंदू टाकत आखायचं. माणूस एकच अक्षर दोनदा अगदी सारखं लिहीत नाही, म्हणून मी प्रत्येकाचे तीन-तीन नमुने घेतले. स्क्रीनवर पहिल्यांदा 'काटा अडकतो, तेल दिले' उमटलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

फक्त एक अक्षर मिळेना. छ. बावीस वह्या चाळल्या. 'छोटा काटा' असेल म्हटलं, तर ते लिहिणार 'बारका काटा'. 'स्वच्छ केले' असेल, तर तिथे 'साफ केले'. तुझं नाव तरी कुठे सापडेल, एखाद्या कोपऱ्यात, मागच्या पुठ्ठ्यावर, म्हणून सगळ्या वह्या पुन्हा पहिल्यापासून बघितल्या. छबू कुठेच नव्हती. शेवटी 'ध' आणि 'ह'चे तुकडे जोडून तो छ मी माझ्या मनाने बनवला.

ताई, मी कुठे चाललोय ते एव्हाना कळलं असेल. 'चि. छबूस, अनेक आशीर्वाद' असं सुरू होणारं, एप्रिलमध्ये मी तुझ्या हातात ठेवलेलं ते पत्र अप्पांनी लिहिलेलं नाही. ते मी लिहिलं.

हे एवढं लिहून मी उठलो होतो. पाणी प्यायलो, गॅलरीत जाऊन आलो. आता पुढचं सांगतो.

अप्पा गेले तेव्हा तू दारातच बसून राहिलीस आणि मला एवढंच विचारलंस, 'माझं नाव कधी काढलं का रे?' मी म्हटलं, 'हो तर.' ते माझं पहिलं खोटं. तू दुकान सोडून भावजींबरोबर निघून गेलीस त्या दिवसापासून ते जाईपर्यंत, नऊ वर्षांत, त्यांनी तुझं नाव एकदाही काढलं नाही. आईने काढलं तर पान अर्धवट टाकून उठायचे. मग तू फोन करून विचारत राहिलीस, काय म्हणायचे, कधी म्हणायचे. मी थापा मारत राहिलो. वाटलं, एकदाचं लेखी काहीतरी देऊन टाकावं, म्हणजे तुझ्या जिवाला शांतता.

पण हेही अर्धंच खरं. निम्मं तुझ्यासाठी केलं, निम्मं माझ्या खुमखुमीपायी. तू सहा वर्षं अप्पांच्या शेजारी बसून घड्याळं उघडलीस, त्यांचं अक्षर तुझ्याइतकं कोणीच ओळखत नाही. तुला जर ते खरं वाटलं, तर माझा फॉन्ट पास! त्यांच्या जुन्या वहीचं कोरं पान प्रिंटरमध्ये घातलं. पेनचा दाब दिसावा म्हणून रिकामी रिफिल प्रत्येक अक्षरावरून फिरवली. तू वाचलंस आणि ढसाढसा रडलीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि मनात म्हणत होतो, 'जमलं!' मला माझी शरम वाटते ताई. सात महिने झाले, मी फॉन्टचं काम उघडूनसुद्धा बघितलेलं नाही.

आता त्याहून वाईट. तू विचारलंस, कुठे सापडलं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'आईच्या कपाटात, कपड्यांच्या तळाशी.' कुठेतरी सापडायला हवं होतं ना! तारीख मी तू गेल्याच्या पुढच्या वर्षाची घातली होती, कारण कोरं पान त्याच वर्षीच्या वहीत होतं आणि पिवळेपणा जुळत होता. बस, तेवढंच कारण. तू एकदम गप्प झालीस. मला वाटलं, तुला भरून आलंय. तू तिकडे हिशोब मांडत होतीस, हे परवा तुझं पत्र आलं तेव्हा समजलं. 'आईने ते दाबून ठेवलं आणि माझी आठ वर्षं खाल्ली. तिला विचारू नकोस, ती कानावर हात ठेवेल. तिच्या डोळ्यांचं तुमचं तुम्ही बघा.'

आईला त्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. फोनवर तू 'बारक्याला दे' एवढंच म्हणतेस, आणि ती मला फोन देऊन माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते. 'माझं काय चुकलं रे?' मी म्हणायचो, ताई कामात असते.

काल दुपारी तिला सगळं सांगितलं. तिला नीट दिसत नाही, म्हणून अप्पांच्या नावाचं ते पत्रही मीच कॉम्प्युटरवरून वाचून दाखवलं. आधी ती चक्क हसली. 'अनेक आशीर्वाद? त्यांनी? मला गावाहून लिहायचे ते नुसतं "मंगळवारी येतो" एवढंच!' मग मला 'मेल्या' म्हणाली, 'अक्कल कुठे गहाण टाकली होतीस' म्हणाली. शेंगा सोलत बसली. मला वाटलं, आता म्हणेल, लाव फोन तिला.

म्हणाली, 'सांगू नकोस हो तिला. बाप गेल्यावर का होईना, मिळालाय तिला. माझ्यावर रागावलीय तर रागावू दे. मला चालतं.'

मी 'बरं' म्हटलं, आणि आज ती झोपली असताना हे लिहितोय. अप्पांच्या नावावर तुला दिलेली सगळी वाक्यं माझी होती. वरची चार आईची आहेत, शब्दन् शब्द.

सतराला, सोमवारी सकाळी आठला तिला आत नेतील. माझ्याशी बोलायची घाई नाही.

तुझा अपराधी,
बारक्या